जुन्या घराची नोंद : फुलेवाडा, भिडेवाडा आणि आमचा सोपा



हस्ताचा पाऊस चांगला झालाय, पण रान अजून वाफशावर नाही. ज्वारीची पेरणी चार-पाच दिवस पुढं गेली. पाभर धुऊन ठेवलीय, बियाण्याला गंधक चोळून झालंय, बैलं दावणीला निवांत आहेत. म्हणून आज पिकाची नोंद लिहीत नाही. आज घराची नोंद लिहितो. ती पण शेतीचीच आहे, शेवटपर्यंत वाचलं तर कळेल.

आमचं जुनं घर गावठाणात आहे. मळ्यात राहायला आल्याला वीस वर्षं झाली, तेव्हापासून ते बंदच होतं. आमच्या खटाव-माण बाजूला असतं तसं धाब्याचं घर. पुढं सोपा, मग चौक, आत माजघर, देवघर, एका अंगाला गोठा, मागं परडं. भिंती दगड-मातीच्या, दोन-अडीच हात जाड. सागाचे बारा खांब, त्यावर तुळया, वर पांढऱ्या मातीचं माळवद. माजघराच्या भिंतीत बळद आहे आणि चौकाच्या कोपऱ्यात पेव. वाटण्या झालेल्या, पण कागदावर हिस्सेदार पाच.

या उन्हाळ्यात जुनं लाकूड घेणारा एक व्यापारी आला. खांब, तुळया, दिंडी दरवाजा, कडीपाट असं सगळं मिळून दोन लाख चाळीस हजार म्हणाला. खांब उतरले की भिंती आपोआप बसतात, मग जेसीबी लावून जागा मोकळी. आमच्या थोरल्या चुलतभावाला, म्हणजे दादांना, घर बांधायचंय. त्यांच्या पोराचं लग्न ठरत नाही, कारण पाहुणे येतात आणि पत्र्याचं शेड बघून जातात. माझ्यापण विहिरीचं काम अर्धं राहिलेलं. खोटं कशाला बोलू, मी हो म्हणालो होतो. व्यापाऱ्याकडून इसारही घेतला होता, माझ्या हिश्श्याचे पाच हजार.

आईला सांगितलं तर ती काही बोलली नाही. संध्याकाळी भाकरी थापताना एवढंच म्हणाली, "बाहत्तर साली त्या सोप्यानं निम्मं गाव जगवलं. इका की. घर काय बोलतंय व्हय."

ते डोक्यात राहिलं.

पुण्यातलं घर

श्रावणात वाटाण्याच्या गोण्या घेऊन पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेलो होतो. पहाटे माल विकला, पट्टी मिळायला अकरा वाजणार होते. मधल्या वेळात चहा पिता पिता कोणीतरी म्हणालं, फुलेवाडा इथून जवळच आहे. तीस वर्षं पुण्याला माल नेतोय, कधी गेलो नव्हतो. रिक्षा केली आणि गेलो. पूर्वीची गंज पेठ, आता महात्मा फुले पेठ म्हणतात.

वाडा म्हटल्यावर मी काहीतरी मोठं समजून गेलो होतो. आमच्या सातारा जिल्ह्यात वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, तसं काहीतरी. पण हे घर तसं नाही. साधं घर आहे. लाकडी खांब, बेताच्या खोल्या, अंगण, मागं समाधी आणि तुळशी वृंदावन. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की हे तर आमच्याच घरासारखं आहे.

आता फुल्यांचं आणि आमच्या भागाचं नातं सांगतो. जोतिरावांचं मूळ गाव कटगुण, आमच्याच खटाव तालुक्यातलं, पुसेगावच्या शेजारी. मूळ आडनाव गोऱ्हे. घराण्याकडं गावची चौगुलकी होती. तिथून घराणं पुरंदरातल्या खानवडीला आणि पुढं पुण्याला गेलं. पेशव्यांच्या काळात फुलांचा धंदा, म्हणून फुले. म्हणजे गाव सोडून शहरात गेलेलं शेतकऱ्याचंच घराणं. सावित्रीबाईपण आमच्याच जिल्ह्यातल्या, खंडाळा तालुक्यातलं नायगाव, नेवसे पाटलांच्या घरात ३ जानेवारी १८३१ चा जन्म. नायगावचं ते घर दुरुस्त करून स्मारक केलंय, ते मी आधी पाहिलं होतं.

गंज पेठेतल्या घरात काय काय झालं ते थोडक्यात लिहितो, कारण घराला किंमत त्यानं येते, सागाच्या खांबानं नाही.

१८६३ साली फुले दांपत्यानं फसलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, शिकवून डॉक्टर केला. १८६८ साली जोतिरावांनी आपल्या घरातला पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आज हे एका ओळीत लिहून होतं. पण गावात राहणाऱ्याला माहीत आहे, पाण्याची जागा खुली करणं म्हणजे काय. सभेत भाषण करणं वेगळं आणि आपल्या अंगणातल्या हौदावर दुसऱ्याची घागर बुडू देणं वेगळं. २४ सप्टेंबर १८७३ ला त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवलं.

आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे 'शेतकऱ्याचा असूड'. हे पुस्तक त्यांनी १८८३ मध्ये पुरं केलं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना त्यातला भाग वाचून दाखवला होता. त्या काळी पुस्तक पूर्ण छापूनसुद्धा आलं नाही, थोडा भाग 'दीनबंधू'त आला तेवढाच. त्यात फुल्यांनी सांगितलंय की ताली आणि बंधारे अशा रीतीनं घालावेत की पावसाचं पाणी आधी रानात मुरेल आणि मग ओढ्या-नदीला जाईल. बसून असलेल्या फौजेच्या, पोलिसांच्या लोकांकडून ही कामं करून घ्यावीत असंही सुचवलंय. डोंगरावरची, कुरणातली कुजलेली पानं-शेण पूर्वी पावसाबरोबर वाहून शेतात यायची, त्यानं जमीन पोसायची, हेही आहे. आपण आज नाला बांधावर आणि कंपार्टमेंट बंडिंगवर शिबिरं घेतो. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी हे लिहून झालेलं आहे. फुले स्वतः ठेकेदारी करायचे, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला होता. त्यामुळं बांधाचं पाणी त्यांना कागदावर नाही, हातानं माहीत होतं.

त्याच पुस्तकात एका कर्जात बुडालेल्या कुणब्याच्या घराचं वर्णन आहे. गोठा कुठं, चूल कुठं, कोणत्या वस्तू आहेत, कोणत्या मोडक्या आहेत, सगळं बारकाईनं. मी ते शाळेनंतर पहिल्यांदा आता वाचलं. घर बघून शेतकऱ्याची हालत सांगता येते, हे त्यांना कळलं होतं. म्हणजे घर हा कागदच आहे, वाचता आला पाहिजे.

समाधी आणि विक्री

जुलै १८८८ मध्ये जोतिरावांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला तर डाव्या हातानं शेवटचं पुस्तक लिहिलं. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. आपल्याला घराच्या मागं मिठात पुरावं अशी त्यांची इच्छा होती, तसं मृत्युपत्रातही लिहिलेलं. खड्डा तयार होता. पण राहत्या वस्तीत पुरायला नगरपालिकेनं परवानगी दिली नाही, म्हणून दहन केलं. सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं. नंतर अस्थी आणून घराच्या मागं ठेवल्या, तीच ती समाधी. सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या.

यानंतरची गोष्ट मला जास्त लागली. यशवंतरावांच्या मागं त्यांच्या कुटुंबाला गरिबीत हे घर विकावं लागलं. ज्या घरात समाधी, तेच घर विकलं गेलं. मी तिथं अंगणात बसलो होतो आणि माझ्या खिशात इसाराची पावती होती. विकणाऱ्याला दोष देणं सोपं असतं. घरात पीठ नसेल तर माणूस काय करणार? दोष द्यायचाच तर आजूबाजूच्या त्या सगळ्यांना द्यावा लागेल, ज्यांना हे घर काय आहे ते माहीत होतं आणि तरी ते विकलं जाऊ दिलं.

पुढं पुष्कळ वर्षांनी लोकांच्या रेट्यानं ते राज्य संरक्षित स्मारक झालं. १९९३ साली राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांच्या हस्ते लोकार्पण झालं. आज त्याला समताभूमी म्हणतात. आता आजूबाजूच्या जागा घेऊन स्मारक मोठं करायचं चाललंय, आणि तिथं पिढ्यानपिढ्या राहणारी माणसं आहेत, त्यांना कुठं न्यायचं हा प्रश्न आहे. म्हणजे घर वाचलं तरी माणसांचा हिशोब संपत नाही.

जे घर राहिलं नाही

तिथून निघताना रिक्षावाल्याला म्हणालो, भिडेवाडा दाखव. तो म्हणाला, "काका, वाडा नाही आता. जागा आहे."

बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीच्या समोर, तात्यासाहेब भिड्यांचा वाडा होता. १८४८ साली जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा तिथं सुरू केली. भारतीय माणसांनी मुलींसाठी काढलेल्या पहिल्या शाळांत तिचं नाव घेतात. आज ज्या कृषी अधिकारी ताई आमच्या शेतात येऊन बोंडअळीचे सापळे मोजतात, त्यांच्या शाळेची सुरुवात तिथून धरावी लागते.

तो वाडा राष्ट्रीय स्मारक व्हावा असं कित्येक वर्षं म्हणत होते. महापालिकेनं जागा घ्यायचं ठरवलं. पण आत भाडेकरू होते, दुकानं होती. त्यांचं पोट त्या जागेवर होतं, ते कोर्टात गेले. तारखा पडत राहिल्या आणि वाडा पावसात भिजत राहिला. मी माळवदाच्या घरात वाढलोय, मला माहीत आहे, छपरातून पाणी आत आलं की लाकूड कोर्टाच्या तारखेची वाट बघत नाही. शेवटी २०२३ साली आधी मुंबई उच्च न्यायालयात आणि मग नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल महापालिकेच्या बाजूनं लागला. आणि डिसेंबर २०२३ मध्ये मोडकळीला आलेला वाडा रात्रीतून पाडला. आता त्या जागी स्मारक बांधायचं आहे. नवं स्मारक चांगलं होईल. पण सावित्रीबाई ज्या जिन्यानं चढल्या तो जिना त्यात नसणार.

दोन घरं, दोन्ही एकाच दांपत्याची. एक उभं, एक गेलं. फरक मोठेपणाचा नव्हता. फरक वेळेचा होता. एकाची नोंद भिंती उभ्या असताना झाली, दुसऱ्याची होईपर्यंत भिंती थांबल्या नाहीत.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनला शिकत असताना किंग हेन्रीज रोडवर १० नंबरच्या घरात राहिले होते. ते घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं. पण तिथं संग्रहालय करायला स्थानिक परिषदेनं परवानगी नाकारली, राहत्या घरांच्या गल्लीत गर्दी होईल म्हणून शेजाऱ्यांनी हरकत घेतली. अपील करावं लागलं, मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. लंडनमध्ये थोरांच्या घरांवर पाटी लावायची पद्धत १८६६ पासूनची आहे. पण तिथं नुसत्या पाटीनं घराला कायद्याचं संरक्षण मिळत नाही. पाटी वेगळी आणि कायदा वेगळा. हा फरक आपण पण ध्यानात ठेवावा.

कायदा काय म्हणतो

गावी आल्यावर आमच्या गावच्या निवृत्त मास्तरांकडं गेलो. त्यांनी आणि मी मिळून दोन रात्री कागद वाचले. जे समजलं ते शेतकऱ्याच्या भाषेत लिहितो, कोणाला उपयोग होईल.

पहिला प्रकार, राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक. ते केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखाली. अजिंठा, रायगड अशा तोलाची ठिकाणं. तिथं शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढं दोनशे मीटर परवानगीनं. गावात लोक जुन्या घराच्या नोंदीला घाबरतात ते या नियमामुळं. पण हा नियम केंद्राच्या यादीतल्या स्मारकांचा आहे, प्रत्येक जुन्या घराचा नाही.

दुसरा प्रकार, राज्य संरक्षित स्मारक. महाराष्ट्राचा १९६० चा कायदा. पुरातत्व खात्याकडं प्रस्ताव जातो. सरकारला पटलं तर राजपत्रात प्राथमिक अधिसूचना निघते, त्याची प्रत जागेवर लावतात. मग दोन महिने हरकतीला. हरकती ऐकून अंतिम अधिसूचना. म्हणजे जमिनीच्या नोंदीला जशी नोटीस निघते आणि हरकतीची मुदत असते, तसंच हे. संरक्षित झालं म्हणजे मालकी गेली असं नसतं. मालक करार करून देखभाल खात्याकडं देऊ शकतो आणि मालकही राहू शकतो. पण मग पाडणं, वाढवणं, रूप बदलणं आपल्या मनानं करता येत नाही.

तिसरा प्रकार, शहरातली वारसा यादी. मुंबईत १९९५ साली याची नियमावली झाली. इमारतींना एक, दोन, तीन अशा श्रेणी देतात. एक नंबरला हात लावायचा नाही म्हटलं तरी चालेल, तीन नंबरला बरीच मोकळीक. पुण्यातही अशी यादी आहे. खेड्यात गावठाणाला अशी यादी सहसा नसते.

चौथा, ग्रामसभेचा ठराव. आमच्यासारख्यांच्या हातात हाच आहे. त्यानं कायद्याचं कुलूप लागत नाही. उद्या मालकानं पाडायचं ठरवलं तर नुसता ठराव थांबवू शकत नाही. पण गावाच्या दप्तरात लिहिलं जातं की या घरात हे हे झालं. वरच्या खात्याकडं जायचं झालं तर पहिला कागद तोच. आणि ठराव करताना माणसं एकत्र बसतात, बोलतात, त्यात अर्धं काम होतं.

त्याआधी घराचे कागद नीट पाहिजेत. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ असतो, तो कर आकारणीचा. अलीकडं २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी झाली, त्यातून मालमत्ता पत्रक मिळतं. आमच्या पत्रकावर पाच नावं निघाली, त्यातल्या दोन आत्या वारलेल्या. वारस लावायलाच दीड महिना गेला.

आमच्या घरात काय झालं होतं

आता प्रश्न आला, आमच्या घरात असं काय झालं? फुले नाही जन्मले, सभा नाही झाली. ग्रामसभेत कोण विचारेल, "तुमचं घर ते काय ऐतिहासिक?" म्हणून आधी मीच आईला आणि गावातल्या चार म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घेतलं.

बाहत्तरच्या दुष्काळात मी लहान होतो, मला काही आठवत नाही. आई सांगते, आमच्या शिवारातल्या पाझर तलावाच्या कामाचा पगार आमच्या सोप्यात वाटला जायचा. मस्टरचा कारकून खांबाला टेकून बसायचा, माणसं चौकात रांगेनं. सुकडी चौकात शिजायची. परातीच्या परात भरून कामावर जायची. ज्यांच्या घरी काही नव्हतं त्यांची पोरं सकाळपासून आमच्या जोत्यावर बसून असायची, त्यात सगळ्या जातीची पोरं होती. आजी आधी नाराज होती, मग तिनंच वाढायला घेतलं. तो पाझर तलाव आजही आहे. खालच्या अंगाच्या चौदा विहिरींना त्याचं पाणी आहे, माझ्या अर्ध्या विहिरीलापण तिथलंच लागणार आहे.

दुसरं, पेव. कृषीचे विद्यार्थी वाचत असतील म्हणून नीट लिहितो. पेव म्हणजे जमिनीखाली खोदलेली कोठी. तोंड लहान, पोट मोठं. आतून कडबा, पाचट लावायचं, ज्वारी भरायची, वरून तोंड मातीनं लिंपायचं. हवा बंद झाली की धान्य आतला प्राणवायू वापरतं, मग कीड जगत नाही. औषधाची गोळी लागत नाही. दोन-तीन साल ज्वारी टिकते, थोडा वास लागतो एवढंच. पण पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही. आत विषारी हवा असते, माणूस गुदमरून मरतो. कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, त्यांचं नाव सगळीकडं होतं, २००५ च्या महापुरात त्यांची मोठी हानी झाली. आमच्या गावात एकेकाळी घरोघर पेव होतं. आता फक्त आमचं उरलंय, बाकीच्यांवर फरशी पडली.

तिसरं, माळवद. दर वर्षी मृगाच्या आधी पांढरी माती चाळून वर पसरायची, धुमसानं चोपायची, पन्हाळी साफ करायच्या. पांढरी माती फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. उन्हाळ्यात खाली गार. हे काम थांबलं की तिसऱ्या पावसाळ्यात तुळई भिजते, पाचव्यात वाळवी. आमच्या एका हिस्सेदारानं मागच्या खोलीला सिमेंटचा गिलावा केला होता, तिथंच भिंत जास्त फुगलीय. मातीच्या भिंतीला श्वास लागतो. सिमेंटनं आतली ओल आतच राहते आणि भिंत पोटातून सडते. जुनं घर दुरुस्त करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्या, मातीला माती नाहीतर चुना.

भावकीची बैठक

हे सगळं घेऊन दादांकडं गेलो. ते काय म्हणाले ते तसंच लिहितो. "तुला इतिहास सुचतोय, कारण तुझ्या पोराचं लग्न झालंय. माझं पोरगं बत्तीसचं हाय. त्याला पाझर तलाव दाखवू का पोरगी बघायला आलेल्यांना?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. भिडेवाड्यातल्या दुकानदारांचं जे होतं तेच दादांचं होतं. जुनं राखायचं तर खर्च कुणी करायचा आणि तोवर राहायचं कुठं, हे विचारणारा माणूस चुकीचा नसतो.

चार बैठका झाल्या. शेवटी असं ठरलं. मागची खोली, गोठा आणि परडं ही जागा दादांना. माझा तिकडचा हिस्सा मी सोडला, तिथं ते घर बांधतील. पुढचा सोपा, चौक, बळदाचं माजघर आणि पेव राखायचं. मागची खोली उतरवताना निघालेलं चांगलं लाकूड पुढच्या तुळयांच्या दुरुस्तीला वापरायचं, विकायचं नाही. व्यापाऱ्याचा इसार परत केला, पाच हजाराचे सात द्यावे लागले. विहीर यंदा अर्धीच राहणार.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घेतला. मी जे लिहून नेलं होतं ते मास्तरांनी वाचलं. कोणीतरी मागून म्हणालं, "मग आमच्या पण घराचं लिव्हा." लोक हसले. पण नंतर एक म्हातारबाबा उठले. ते म्हणाले, बाहत्तर साली मी त्या जोत्यावर बसणाऱ्या पोरांतला. एवढंच बोलून खाली बसले. मग ठराव झाला, की हे घर गावाच्या दुष्काळाच्या कामाची आठवण म्हणून नोंदवावं, बाहेर पाटी लावावी, आणि गावातल्या इतर जुन्या घरांची, बारवांची, वेशीची यादी पुढच्या सभेपर्यंत करावी. विरोधात कोणी नव्हतं. दादा सभेला आले नाहीत. अजून नीट बोलत नाहीत. बोलतील, सुगीत मळणीला एकमेकांशिवाय चालत नाही.

पाटीवर काय लिहायचं यावर मास्तर आणि मी घोळ घालत होतो. आई म्हणाली, आमच्या घराण्याचं नाव नको, सुकडीचं लिहा. तसंच करणार आहोत.

तुमच्या गावात असं घर असेल तर माझं एवढंच सांगणं. आधी म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घ्या, तारखेसकट. मग फोटो काढा, आतले-बाहेरचे, खांबाची आणि भिंतीची मापं घ्या. नमुना ८ आणि मालमत्ता पत्रकावरचे वारस नीट करा. मग भावकीत बसा आणि ज्याला राहायला जागा नाही त्याचं आधी बघा. ग्रामसभा त्यानंतर. आणि या सगळ्याच्या आधी, येत्या मृगाच्या आत, माळवदावर माती टाका. ठराव व्हायला वेळ लागतो. पाऊस थांबत नाही.

परवा सोप्याचं पेव उघडलं. कंदील सोडला, जळत राहिला. तळाला ओंजळभर काळी पडलेली ज्वारी निघाली. उगवत नाही हे मला माहीत आहे, तरी चार दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवलेत. वाफसा आला की पेरणीची नोंद टाकतो.

राम राम.